धारोष्ण

यंदा गुळाचा हंगाम जोरात आहे. शाळेच्या रस्त्यावर सकाळपासून बैलगाड्यांची रांग लागते. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, गोणपाटाखाली झाकलेले असतात, तरी गाडी वळणावर वळली की वास थेट वर्गात येतो. मुली मधल्या सुटीत ऊस खातात, चोथा खिडकीतून बाहेर टाकतात, आणि मी त्यांच्यावर ओरडते. ओरडून झालं की मलाही एक कांडं मिळतं. ते मी टेबलाच्या खणात ठेवते आणि घरी जाताना खाते.

थंडी पडली की माझ्या डाव्या काखेपासून छातीपर्यंत ओढ लागते. कुठलाही हात डोक्याच्या वर नेला की ती वाढते, म्हणून फळ्याची वरची वीतभर जागा मी मोकळी सोडते. नव्या मुलींना वाटतं ही बाईंची पद्धत आहे. एक-दोघी तर वह्यांमध्येही वरची तेवढी जागा सोडायला लागल्या आहेत. मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

त्या हिवाळ्याला पाच वर्षं झाली. माणसं म्हणतात, जुनं उगाळू नये. मला उगाळायचं नाहीच. पण पहाटे गंगावेशीवरून टांगा आला आणि कट्ट्यावर म्हशी उभ्या दिसल्या, पितळी भांड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज ऐकू आला, की मी आजही शाल घट्ट ओढून घेते. कोल्हापुरात राहायचं आणि दुधाच्या कट्ट्यावरून जायचं नाही, हे काही जमण्यासारखं नाही.

मी मुलींच्या शाळेत आरोग्यशास्त्र शिकवते. हे अशासाठी सांगते, की पुढचा मूर्खपणा अडाण्याचा नव्हता हे कळावं. 'शरीराला काही झालं तर लाज धरू नका, डॉक्टरांना दाखवा' हे वाक्य मी दर वर्षी सातवीच्या मुलींना लिहून देते. त्या वर्षी श्रावणात न्हाताना मला डाव्या बाजूला गाठ लागली. हरभऱ्याएवढी होती, दुखत नव्हती. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला, पुन्हा चाचपून पाहिलं, आणि पुन्हा तांब्या उचलला. त्यानंतर चार महिने मी कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. वर्गात मात्र तेच वाक्य लिहून देत होते.

मार्गशीर्षात ती सुपारीएवढी झाली आणि वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली, तेव्हा मी यांना सांगितलं. हे कचेरीत कारकून. बोलणं मोजकं, आणि घाईचं काम तर त्यांच्याकडून जन्मात झालं नाही. त्या दिवशी मात्र यांनी रजेचा अर्ज तिथंच माझ्यासमोर लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीनं मिरजेला गेलो.

मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, हात धुतले, आणि पुसता पुसता रोगाचं नाव सांगितलं. मला ते नाव येत होतं. आमच्या पुस्तकात त्याच्याबद्दल अर्धी ओळ आहे. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की अर्ध्या ओळीत काहीच सांगितलेलं नाही. डॉक्टर पुढं बोलत होते. "संपूर्ण काढावा लागेल. पण तुमच्या अंगात रक्तच नाही. असं टेबलावर घेतलं तर तिथंच दगावाल. एकवीस दिवस देतो. तेवढ्यात रक्त वाढवून या. वाढलं नाही तर मी हात लावणार नाही, आणि त्याहून जास्त थांबलं तर हात लावून उपयोग नाही."

मी "बरं" म्हटलं. शाळा तपासायला आलेल्या साहेबांना म्हणते तसं. मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. कुणीतरी कानशिलात भडकावल्यावर थोडा वेळ नुसता आवाज येत राहतो आणि दुखत नाही, तसं झालं होतं. परतीच्या गाडीत यांनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि माझ्या ओंजळीत ओतल्या. जयसिंगपूर गेलं, हातकणंगले आलं. शेवटी समोरची म्हातारी म्हणाली, "अगं बाई, फोलपटं खातीयास की!" दाणे सगळे माझ्या मांडीवर पडले होते.

आम्हाला मूल नाही, हे इथंच सांगून टाकते. शेजारच्या आक्का भेटायला आल्या, पदर तोंडाला लावून बसल्या, आणि म्हणाल्या, "पाजलं न्हाईस न्हवं, म्हून साचलं असंल." त्या वाईट बाई नव्हेत. माझ्या तापात त्यांनी आठ दिवस आमच्या चुलीवर पेज रटरटवली आहे. पण त्या दिवशी त्यांना उंबऱ्याबाहेर ढकलून द्यावं असं मला वाटलं. मी त्यांना चहा दिला. त्या गेल्यावर कप घासताना मी इतका घासला की कान तुटून हातात आला.

रक्त वाढवायचं म्हटल्यावर घरात एकाच माणसाला उत्साह आला. ते म्हणजे यांचे धाकटे भाऊ, दौलतभाऊजी. भाऊजींनी लग्न केलं नाही. पोरवयात तालमीत गेले ते तालमीचेच झाले. स्वतःची कुस्ती संपल्यावर पोरांना डाव शिकवायचे. जेवायला आमच्याकडे आणि झोपायला तालमीत, असा त्यांचा संसार. त्यांना माझं दुखणं कुठं आहे हे यांनी सांगितलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. आमच्या घरात त्या जागेचं नाव कुणी घेत नव्हतं. 'ते' म्हणायचे, नाहीतर 'गाठ' म्हणायचे, जशी काही ती गाठ अंगावर नसून दाव्याला पडली होती.

"एकवीस दिस म्हंजे लई झालं की," भाऊजी म्हणाले. "एकवीस दिसांत म्या वाळलेली पोरं मैदानात उतरवल्यात. वैनी, तुमी फकस्त मी सांगतो तसं करायचं. उद्या पहाटे कट्ट्यावर चला. म्हशीखालचं दूध, धार पडल्या पडल्या पोटात गेलं पायजे."

"घरी आणलं तर?" यांनी विचारलं.

"घरापतोर आणलं की त्यातला जीव जातो."

एवढं ठामपणे बोलणारा माणूस त्या घरात दुसरा नव्हता. मी पहाटे पाचला उठले, अंगावर शाल घेतली, आणि निघाले.

कट्ट्यावर बायका नसतात. पहाटेच्या धुक्यात दहा-बारा म्हशी उभ्या, त्यांच्या अंगाची वाफ निघतेय, आणि भोवती पैलवान, हमाल, टांगेवाले हातात पेला घेऊन उभे. मी आले तशी ती माणसं गप्प झाली आणि दोन पावलं सरकली. गवळी सिद्धू, साठीचा, कमरेला गुडघ्यापर्यंतचं धोतर, मान वर करून भाऊजींना म्हणाला, "वस्ताद, बाईमाणूस?"

"वैनी हाय माझी. डागदरनं सांगितलंय. अंगात रगत न्हाई."

"मग राधीचं देतो," सिद्धू म्हणाला. "साऱ्यात दाट."

राधी भिंतीला लागून उभी होती. तो तिच्याखाली बसला, कासेवर पाण्याचा हात फिरवला, आणि सड ओढायला लागला. मी यापूर्वी म्हैस पिळताना पाहिली नव्हती असं नाही. पण त्या पहाटे मला बघवेना आणि नजरही काढता येईना. भरलेली कास. सिद्धूचा काळा, भेगाळलेला अंगठा. तटतट पडणारं दूध. इतक्या माणसांत, सगळ्यांच्या समोर, कुणालाच त्यात काही वाटत नव्हतं. आणि माझ्या शालीखाली जे होतं त्याचं नाव घ्यायला घरात माणूस नव्हता. भाऊजींनी फेसानं भरलेला पेला माझ्या हातात दिला. दूध माझ्या अंगापेक्षा गरम होतं. मी भिंतीकडे तोंड करून प्याले, आणि कोपऱ्यावर जाऊन सगळं ओकले.

दुसऱ्या दिवशी ओकले नाही. माणसाला कशाचीही सवय होते आणि तेही किती लवकर होते, याचा मला त्या दिवसांत राग यायचा. चौथ्या दिवसापासून दोन पेले झाले. टांगेवाले आता सरकेनासे झाले. एकजण तर "रामराम बाई" म्हणायला लागला. पाचव्या दिवशी भाऊजींनी संध्याकाळी कुंडीत बदाम, खसखस, मिरी घोटून थंडाई आणली आणि वर वाटीभर तूप. डॉक्टरांनी लोहाचं काळं औषध दिलं होतं, त्याच्या बाटलीवर रोज एक रेघ कमी व्हायला हवी होती. माझं पोट दुधानं तुडुंब भरलेलं असायचं. मी औषधाचा डोस कधी घ्यायची, कधी मोरीत ओतायची आणि वर पाणी टाकायची.

शाळेत मी जात होते. घरी बसून काय करणार? आमच्या वर्गात शरीराचा एक मोठा तक्ता आहे. हृदय, फुप्फुसं, यकृत, सगळं रंगीत. तक्त्यावरचा देह पुरुषाचा. बारा वर्षं मी त्या सपाट छातीवर छडी ठेवून मुलींना शिकवत आले. ते मला कधी खटकलं नव्हतं. त्या आठवड्यात रक्ताभिसरणाचा धडा आला आणि मी छडी डाव्या बाजूला ठेवली, तेव्हा तक्त्याकडे बघून माझ्या मनात आलं, की महिन्याभरानं माझी डावी बाजू अशीच दिसेल. छडी तिथंच राहिली. मुली वाट बघत होत्या.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, रक्त कशानं वाढतं?"

मी एका दमात म्हटलं, "लोहानं. मेथी, तांदळी, राजगिरा, नाचणी, गूळ. लिहून घ्या."

त्या लिहायला लागल्या. मी खुर्चीत बसले. त्या यादीत दूध नव्हतं. मी बारा वर्षं ही यादी सांगत होते, तिच्यात कधीच दूध नव्हतं. आणि तरी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी शाल घेऊन कट्ट्यावर गेले, दोन पेले प्याले, आणि घरी येऊन भाकरी नको म्हटलं.

बाराव्या दिवशी पेठेतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे रक्त तपासलं. ते तरुण होते, मुंबईला शिकून आलेले. त्यांनी काच उजेडाकडे धरली, पुन्हा धरली. "काही वाढलेलं नाही," ते म्हणाले. "बाई, तुम्ही खाता काय?"

हे उत्साहानं म्हणाले, "रोज दोन पेले धारोष्ण दूध. शिवाय थंडाई."

"आणि जेवण?"

"जेवण तिला जात नाही."

"जाणार कसं? दुधानं पोट भरतं, रक्त नाही वाढत. त्याला लोह लागतं. आरोग्यशास्त्र शिकवता ना तुम्ही?"

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

हे माझ्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

दवाखान्यात भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, बाहेर कुणाचं तरी पोर खोकत होतं. मी यांच्याकडे बघत होते आणि माझ्याच तोंडून ऐकत होते. "होतं. औषधही मी ओतून देत होते. मला ते वाढायलाच नको होतं."

हे मी ठरवून केलं नव्हतं. त्या क्षणापर्यंत मलाच ते माहीत नव्हतं. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का मला तेव्हा बसला. रोज पहाटे उठून, थंडीत कुडकुडत, सगळ्यांच्या देखत मी जगण्याची धडपड करत होते आणि आतून दुसरीच कुणी बाई शांतपणे दिवस घालवत होती. एकवीस दिवस होऊन गेले की रक्त नाही म्हणून कुणी कापणार नाही. मग जे व्हायचं ते होईल, पण माझं माझ्याजवळ राहील. एवढा सरळ हिशेब होता. मी लहान पोरीसारखी रडायला लागले. डॉक्टर उठून बाहेर गेले. यांनी मला गप्प केलं नाही. रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसून राहिले.

घरी आल्यावर यांनी भाऊजींना सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून सांगितलं, "तिला पैलवान करायचं नाहीये आपल्याला!" भाऊजी उंबऱ्यावर बसले होते. एवढा आडदांड माणूस, हाताचे पंजे गुडघ्यांवर पालथे टाकून बसलेला. "मला वाटलं दुधानं व्हतं," ते म्हणाले. "आमचं तर समदं दुधानंच झालं." त्यांची चूक नव्हती. या गावात कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. चूक माझी होती, कारण मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच कट्ट्यावर गेले. आता येणार नाही हे सिद्धूला सांगायचं होतं. उजाडलं होतं. म्हशी परत न्यायची वेळ झाली होती आणि तो राधीला भिंतीपासून वळवत होता. इतके दिवस तिची एकच बाजू मला दिसत आली होती. ती वळली आणि पलीकडची बाजू समोर आली. पुढचा एक सड नव्हता. म्हणजे होता, पण वाळल्या चिंचेसारखा, आणि त्याच्यावरची कास आत बसलेली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

सिद्धू ओशाळला. "दगडी झालती, बाई. दोन वर्सं झाली. कास दगडावानी घट झाली, ताप आला, एक सड गेला. मानसं म्हनली, खाटकाला दे. म्या म्हटलं, तीन हायत की!"

"आणि तू ही बाजू भिंतीकडं करून तिला उभी करतोस. मला का नाही सांगितलंस?"

"तुमी कुठं इचारलासा?"

मला भयंकर राग आला. भर रस्त्यात मी त्या म्हाताऱ्याला वाट्टेल ते बोलले. लबाड म्हटलं, गिऱ्हाइकाला फसवतोस म्हटलं, लाज वाटत नाही का म्हटलं. तो बिचारा "चुकलं बाई" म्हणत राहिला. टांगेवाले थांबून बघायला लागले. दूध दाट होतं, पांढरं होतं, मला त्यानं काही अपाय झालेला नव्हता. तरी मी बोलतच होते. राधी वैरणीची काडी चघळत उभी होती. तिच्या अंगावर माशी बसली, तिनं शेपटी मारली, आणि ती चालायला लागली. तिला घरी जायची सवय होती.

यातून मला काही उमज पडला, मन घट्ट झालं, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. तसं झालं नाही. मी बंद दुकानाच्या पायरीवर बसले. जरा वेळानं भूक लागल्याचं जाणवलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा. घरी जाऊन मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, मेथीच्या भाजीबरोबर, उभ्यानंच.

नऊ दिवस उरले होते. पेठेतले डॉक्टर रोज एक सुई टोचायचे. काळं औषध मी यांच्यासमोर घ्यायची आणि रिकामा चमचा उलटा करून दाखवायची. माझे दात काळे पडले; मी वर्गात हसणं बंद केलं, तशीही मी फार हसत नव्हते. भाऊजी मंडईतून तांदळीच्या जुड्या आणायचे, अंगणात बसून त्या पैलवानी बोटांनी पानं खुडायचे. एके दिवशी ते कागलच्या बाजूला एका गुऱ्हाळावर सायकल मारत गेले आणि काहिलीतला ताजा गूळ पळसाच्या पानात बांधून आणला. अजून कोमट होता. "ह्यात लोह हाय न्हवं?" त्यांनी दारातूनच विचारलं. मी हो म्हटलं. "मग आदी सांगायचं की वैनी! हितं गुळाच्या गावात ऱ्हाऊन म्या तुमाला म्हशीखाली बशिवलं!" ते असं म्हणाले आणि मला हसू फुटलं, काळे दात दिसले तरी.

एकविसाव्या दिवशी मिरज, या वेळी भाऊजीही बरोबर. मोठ्या डॉक्टरांनी माझं रक्त पाहिलं. मग मान हलवली. "बेताचं आहे," ते म्हणाले. "घरच्या कुणाचं जुळून एक बाटली मिळालं, तर उद्या सकाळी घेतो."

यांचं जुळलं नाही. भाऊजींचं जुळलं. तालमीत अशी समजूत, की एकदा सुईनं रक्त काढलं की मल्ल संपला, पुन्हा अंग धरत नाही. भाऊजी स्वतः पोरांना हे सांगत आले होते. सदरा काढून आत गेले, आणि अर्ध्या तासानं दोन नर्सांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आले. चेहरा पांढराफटक. बाकावर बसले तेव्हा मोठी नर्स त्यांच्या हातात पेला ठेवून म्हणाली, "दूध प्या." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मुकाट्यानं प्याले.

दवाखान्यामागं नातेवाइकांसाठी खोल्यांची ओळ होती. आम्हाला एक मिळाली. एक खाट, एक चूल, पश्चिमेला खिडकी. भाऊजी ओसरीवर घोंगडी टाकून झोपले. दुपारचे तीन वाजले असतील. माझा वेळ जात नव्हता म्हणून मी तांदूळ निवडत होते. हे उठले, त्यांनी दाराला कडी लावली, आणि खाटेच्या कडेला बसले.

पुढचं लिहू नये असं पुष्कळांना वाटेल. मलाही वाटलं. पण लिहिलं नाही तर त्या एकवीस दिवसांतलं खरं काही सांगितलंच नाही, असं होईल.

आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत सासूबाई, आतल्या खोलीत आम्ही, मध्ये नुसता पडदा. दिवा मालवल्याशिवाय आम्ही एकमेकांच्या जवळ गेलो नाही. सासूबाई वारल्या तरी दिवा मालवतच राहिलो. माझ्या अंगाची यांना हातानं ओळख होती. डोळ्यांनी नव्हती. हे माझ्या ध्यानात त्या दुपारपर्यंत आलं नव्हतं.

"एकदा बघू का?" यांनी विचारलं. खाली बघून विचारलं.

मी सूप बाजूला ठेवलं. डॉक्टरांसमोर, परक्या पुरुषासमोर, नर्सांसमोर मी पदर काढला होता. यांच्यासमोर हात चालेना. खिडकीतून ऊन थेट खाटेवर आलं होतं. चोळीची गाठ सोडायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. यांनी घाई केली नाही. खिशातून चष्म्याचं घर काढलं, काचा धोतराच्या सोग्यानं पुसल्या, आणि चष्मा लावला. कचेरीतला महत्त्वाचा कागद वाचायचे तेव्हा ते असंच करायचे.

ते बराच वेळ बघत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. गाठ दिसेल, ओढलेली कातडी दिसेल, यांना किळस येईल, असं मला वाटत होतं. यांनी हात पुढं केला. गाठीवर नाही, तिच्या बरंच खाली, आतल्या अंगाला, एका जागी बोट टेकवलं.

"इथं तीळ आहे तुला," हे म्हणाले. "कधीपासून?"

मी म्हटलं, "जन्मापासून."